अर्ध्या एकराची फरशी

मित्रांनो, मी एक जुनी फरशी आहे. तुमच्या स्वयंपाकघरात असते तसली चकचकीत, ओल्या फडक्याने पुसून घ्यायची फरशी नव्हे. मी चांगली अर्ध्या एकराची आहे, विटांची आणि चुन्याची, आणि जन्मापासून उघड्या आभाळाखाली पडून आहे. गोंदिया शहराच्या कडेने पांगोली नदी वळण घेते, त्या वळणावर गुलाबचंद शेठची तांदळाची गिरणी होती. तिचे धुराडे अजून उभे आहे. लोक येतात, मान वर करून धुराड्याचे फोटो काढतात, आणि फोटो काढताना उभे कुठे राहतात? माझ्यावर. उभ्याचे कौतुक होते आणि आडव्याच्या वाट्याला पाय येतात, हे मला फार लवकर कळले. पण पायांनी मला जे शिकवले ते त्या धुराड्याला इतकी वर्षे उभे राहूनही कळलेले नाही, असे मी आपले मनात म्हणते.

माझा जन्म नव्वदेक वर्षांपूर्वीचा. एका उन्हाळ्यात टिकाराम मिस्त्री नावाच्या कारागिराने मला घडवले. आधी जमीन चोपून घट्ट केली, मग विटा उभ्या धारेवर बसवल्या, आणि वरून चुन्याचा थर दिला. त्या चुन्यात गूळ होता, हिरडा होता, बेलफळाचा गर होता. थर ओला असतानाच पंचवीस-तीस बायांनी हातात लाकडी चोपण्या घेऊन मला बारा दिवस बडवले. मार खाऊन कोणी शहाणे होत असेल तर ती मी. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्यांनी मला घासले, तेव्हा कुठे अंगावर तकाकी आली.

टिकारामने मला सपाट मात्र केले नाही. माझा मधला भाग त्याने वीतभर उंच ठेवला आणि दोन्ही बाजूंना अगदी हलका उतार दिला. कडेला नाल्या काढल्या आणि त्या नदीत सोडल्या. हा उतार चालणाऱ्याला कळत नाही, पाण्याला कळतो. गिरणीतल्या बाया त्या उंच भागाला माझी पाठ म्हणत.

आता माझे काम काय होते ते सांगते. गुलाबचंद शेठच्या गिरणीत उसना तांदूळ होत असे. म्हणजे धान आधी हौदात भिजवायचे, मग वाफेवर उकडायचे, मग वाळवायचे आणि त्यानंतर भरडायचे. मधले ते वाळवण्याचे काम माझे. गोरेगाव, तिरोड्याकडून बैलगाड्यांनी धान यायचे, उकडून निघायचे आणि टोपल्या-टोपल्यांनी माझ्यावर रिकामे व्हायचे. गरम धानाचा तो वास अजून माझ्या विटांत आहे. बाया ते पातळ पसरायच्या आणि मग पाय ओढत, एकीमागे एक, त्यातून चालायच्या. पायांनी धानात चर पडायचे, खालचे दाणे वर यायचे. पुन्हा आडव्या चालायच्या. दिवसातून बारा-पंधरा वेळा. दाणा दुखावू नये म्हणून पायातल्या जोडव्यांना चिंध्या बांधायच्या. त्यामुळे मला माणसे चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत, पण तळव्यावरून चुकत नाहीत. कोण रात्री नीट झोपली नाही, कोण माहेराहून आली, कोण कोणावर रुसली, हे सगळे मला पावलांवरून कळायचे.

कामाची एक रीत होती. उदाराम मुकादम मोसमाच्या दिवसांत आदल्या संध्याकाळी तळाला भोके पाडलेला डबा घेऊन यायचा आणि चुन्याच्या रेघा मारत माझ्यावर चाळीस चौकोन आखायचा. त्यांना म्हणायचे खण. ज्या दिवशी चुना दिसेल त्या दिवशी काम आहे. ऊन माझ्यावर यायच्या आत जी बाई टोपली घेऊन खणात उभी राहील, खण तिचा. उशीर झाला की खण गेला. म्हणून पहाटे गिरणीटोलीत, म्हणजे बायांच्या वस्तीत, एकच हाक फिरायची, "चुना पडला!" आणि घरोघरचे दरवाजे उघडायचे.

या बायांमध्ये सुलोचनाबाई होती. सोळा वर्षांची असताना आईबरोबर आली. उकळते धान पडून तिच्या डाव्या पायाची करंगळी वाकडी झाली होती, त्यामुळे तिचे पाऊल मी हजारांत ओळखते. चालणे असे की धानात दोरीने आखल्यासारखे चर पडत. बोलणे मात्र अगदी तोडून. तिची शेजारीण सुशिलाबाई. दोघी एका टोलीत राहणाऱ्या, एका वर्षी लग्न झालेल्या, आणि भट्टीजवळच्या एका खणावरून वीस वर्षे एकमेकींशी भांडलेल्या. त्या खणात वाळवण लवकर व्हायचे, कारण मागची भिंत तापलेली असायची. एक दिवस ही आधी यायची, एक दिवस ती.

कौतुक म्हणाल तर माझ्या वाट्याला एकदाच आले. रायपूरचा एक व्यापारी तांदूळ बघायला आला होता. त्याने मूठभर दाणे तळहातावर घोळवले, खाली वाकून माझ्यावर हात फिरवला आणि म्हणाला, "फर्श साफ है, इसलिए माल साफ है." मित्रांनो, ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची आहे. मी ती अजून विसरले नाही, यावरून माझी हौस ओळखा.

पुढे दिवस फिरले. दुसऱ्या गिरण्यांत वाळवणाची यंत्रे आली. त्यांना ना ऊन लागायचे ना पाय. गुलाबचंद शेठ गेले, मुले व्यापारासाठी दुसऱ्या शहरांत गेली, आणि बावीस वर्षांपूर्वी गिरणी बंद पडली. शेवटच्या दिवशी सुलोचनाबाईने मला सगळी झाडून काढली, दुसऱ्या दिवशी काम नाही हे ठाऊक असूनही. तेव्हा मला फार वाईट वाटले. त्यानंतर माझ्या फटींतून तरोटा उगवला. शेळ्या येऊन बसू लागल्या, दुपारी पत्त्यांचे डाव रंगू लागले. दोन पावसाळे मी असेच काढले.

पण हात-पाय असलेली माणसे किती दिवस गप्प बसणार? टोलीतल्या बायांना उसन्याशिवाय दुसरे काम येत नव्हते. त्यांनी घरीच लोखंडी ड्रममध्ये धान उकडायला सुरुवात केली. उकडायला घर पुरते, वाळवायला कोठे पुरणार? मग एके सकाळी सुलोचनाबाई खराटा आणि विळा घेऊन मोडक्या फाटकातून आत आली. मागून पंचवीस बाया. त्यांनी तरोटा उपटला, मला धुतले आणि धान पसरले. त्यांचा उसना तांदूळ गोंदियाच्या बाजारात आणि गोरेगावच्या आठवडी बाजारात नावाने मागितला जाऊ लागला. एवढ्या घरांची चूल माझ्यावर चालली होती. पायांना मी लागत होते आणि मला पाय लागत होते.

आणि मग तीन वर्षांपूर्वी बातमी आली की गिरणीचे आता नवे काही होणार आहे. गोदामांच्या जागी घरे, खाली दुकाने. भट्टीच्या खोलीत वाचनालय. नदीला पायऱ्या, काठाने फिरायला वाट, धुराड्यावर दिवे. खरे सांगते, मला आनंदच झाला. इतकी वर्षे नदीकडे सगळ्या शहराने पाठ केली होती, आता लोक तोंड करून बसणार होते. रुची नावाची नागपूरची एक तरुण वास्तुकार हे सगळे आखत होती. मुलगी मनापासून काम करणारी, पण पायात नेहमी जाड तळव्याचे बूट. मला तिचे काहीच कळेना.

एक दिवस तिने टोलीतल्या लोकांना बोलावून पडद्यावर चित्रे दाखवली. सगळे माना डोलावत होते. सुलोचनाबाई उठून म्हणाली, "पोरी, सारं बेस आहे. पन आमचं वाळवन कोठी?"

रुची हसून म्हणाली, "आजी, तुम्हाला जागा देणार आहोत. नकाशात आहे."

तिच्या मनात तांदूळ विकायला दोन टपऱ्या आणि सावलीतला एक बाक होता. सुलोचनाबाईच्या मनात मी होते. दोघी आपापल्या परीने खरेच बोलल्या आणि समाधानाने घरी गेल्या.

नकाशात माझे काय होते ते मला नंतर कळले. रुचीच्या माणसांनी तिपाईवरच्या दुर्बिणीतून मला मोजले आणि कागदावर लिहिले, "फरशी असमतल, मध्यभागी फुगवटा." म्हणजे माझी पाठ हा माझा दोष ठरला. मला उखडून तिथे सपाट रंगीत टाइल्स, मध्ये कारंजे आणि कडेने हिरवळ करायची, असे ठरले होते. दसऱ्यानंतर माझ्याभोवती पत्रे ठोकले गेले. बायांना वाटले, चार दिवसांचे काम असेल. तोवर त्या रस्त्याच्या कडेला धान वाळवू लागल्या. ट्रक यायचे, धानावरून चाके जायची, गाई तोंड घालायच्या, धूळ बसायची. बाजारातली गिऱ्हाइके दाणा चावून म्हणू लागली, "काऊन वं बाई, तांदळात रेती?" सुलोचनाबाईने उभ्या जन्मात हे ऐकले नव्हते.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी माझ्यावर दोन माणसे आली. त्यांनी दोऱ्या ताणल्या आणि खोदायला सोपे जावे म्हणून चुन्याने चौकोन आखले. संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी येणाऱ्या जेसीबीसाठी पुढचे पत्रेही काढून ठेवले. मी हादरले. हे चौकोन कशासाठी आहेत ते मी त्यांच्या बोलण्यावरून समजून चुकले होते. पण सांगणार कोणाला?

पहाटे सुलोचनाबाई नदीकडे जायला निघाली आणि फाटकापाशी थबकली. पत्रे नाहीत. आत अर्धा एकर फरशीवर पांढरेशुभ्र खण. वीसेक वर्षांनी. तिची वाकडी करंगळी माझ्यावर टेकली आणि मला कळले की बाई रडते आहे. मग ती वळली आणि या वयात पळत सुटली. पहिला दरवाजा ठोठावला तो सुशिलाबाईचा.

"ऊठ वं सुशिला! चुना पडला!"

"का म्हनतेस?"

"चुना वं! फरशीवर खण पाडून ठेवले. त्या पोरीनं शब्द पाळला."

आतून सुशिलाबाईचा पहिला प्रश्न आला, "भट्टीजवळचा खण कोनाचा?"

"आधी चाल त खरी! ऊन आलं का गेला खण!"

मोसमाचे दिवस. घरोघरी ड्रममध्ये धान भिजलेलेच होते. पाहता पाहता टोलीभर चुली पेटल्या. ऊन माझ्यावर आले तेव्हा सव्वीस खणांत सव्वीस बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या. रेघेवर एक दाणा सांडला नव्हता, इतके शिस्तीत त्यांनी धान पसरले. तापलेल्या धानाची वाफ वर जाऊ लागली आणि मला, खोटे कशाला बोलू, मरणाच्या दारात असूनही लग्नघरासारखे वाटले.

नऊ वाजता जेसीबी आला. बरोबर हिमांशू होता, कामावरचा पर्यवेक्षक, गोंदियाचाच. त्याने डोक्याला हात लावला. "अरे माताजी, ये क्या कर दिया? पूरा चावल बिछा दिया!"

"चावल नाही बाप्पा, धान आहे," सुलोचनाबाई चालता चालता म्हणाली. "चावल मंग होते."

"हटाओ सब! खुदाई करनी है!"

तेवढ्यात रुची आली. सुलोचनाबाई तिच्याकडे गेली, तिची दृष्ट काढल्यासारखी कानशिलावर बोटे मोडली आणि म्हणाली, "पोरी, तू बोलली तसं केलंस. तुझं भलं होवो."

रुचीला आधी काही उमजेना. तिने चुन्याकडे पाहिले, धानाकडे पाहिले, बायांच्या पायांकडे पाहिले. मग हळूहळू तिचा चेहरा उतरला असावा, कारण तिचा आवाजच उतरला. "आजी, या रेघा तुमच्यासाठी नाहीत हो. इथे खोदायचे आहे. ही फरशी निघणार आहे."

सव्वीस जणींचे पाय एकदम थांबले. मित्रांनो, मी पुष्कळ शांतता ऐकली आहे, पण चालते पाय थांबल्याची शांतता निराळीच असते.

"खोदाचं होतं त चुना कायले टाकला?" सुलोचनाबाई म्हणाली. "पोटावर पायच द्याचा होता त तसं सांगाचं. आमी काई तुझ्या अंगावर आलो असतो का? सडकेवर वाळवून राहिलो महिनाभर. आता तठीच बसावं लागन जलमभर."

ती ओरडली नाही.  रुची हिमांशूकडे वळली आणि म्हणाली, "आज खोदू नका. पसरलेले आहे ते वाळू द्या. मग बघू." जेसीबी बाजूला जाऊन उभा राहिला. बाया पुन्हा चालू लागल्या, पण त्या दिवशीच्या पावलांत जोर नव्हता. शेवटचेच चालतो आहोत असे त्यांना वाटत होते, आणि मलाही.

दोनच्या सुमारास अवकाळी ढग चढले. नोव्हेंबरात कधी कधी असे होते. सुलोचनाबाईने नाक वर करून वास घेतला आणि सगळ्या दुःखावर पाणी सोडून तिने हाक दिली, "पाठीवर घ्या वं! पाठीवर!"

मग जी धावपळ झाली तिला तोड नाही. बायांनी लाकडी फळ्यांना दोर बांधून, दोघी ओढत आणि एक दाबत, चहूकडचे धान माझ्या उंच भागावर आणायला सुरुवात केली. रुची मदतीला धावली.

"जोडे काढ आदी!" सुलोचनाबाई गरजली.

रुचीने बूट फेकले आणि अनवाणी पायांनी पहिल्यांदाच माझ्यावर उभी राहिली. तिचा पाय मऊ होता, थोडा घाबरलेला, पण प्रामाणिक. सुशिलाबाईने तिच्या हातात दोर दिला. हिमांशूसुद्धा आला, "जल्दी करो, जल्दी करो" एवढेच ओरडत का होईना. दहा मिनिटांत लांबच लांब ढीग माझ्या पाठीवर रचला गेला, वर ताडपत्र्या पडल्या, कडांवर विटा बसल्या, आणि सर आली.

पाऊण तास तो पाऊस कोसळला. टिकाराम मिस्त्रीने मला जे काम दिले होते ते मी केले. पाणी मध्यापासून दुभंगले, दोन्ही बाजूंना निघाले, नाल्यांत शिरले आणि पांगोलीला मिळाले. ढिगाच्या बुडाखाली थेंब गेला नाही. आणि पलीकडे, जिथे रुचीच्या माणसांनी महिन्यापूर्वीच गाड्या ठेवण्यासाठी सपाट टाइल्स बसवल्या होत्या, तिथे घोट्याच्या वर तळे साचले. हिमांशूची मोटरसायकल त्यात उभी होती. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तिला आणायला गेला.

पाऊस थांबल्यावर रुची माझ्यावर ओणवी झाली आणि तळहात ठेवून तो उतार शोधू लागली. "माझ्या मोजणीत ही चूक निघाली होती," ती म्हणाली.

"चूक?" सुलोचनाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे बुद्धीनं केलं आहे बाई. सपाट फरशीवर उसना वाळवतो म्हनलं त खिचडी होते. आमाले विचाराचं ना."

"खरे आहे आजी," रुची म्हणाली. "विचारायचे राहून गेले."

मला या मुलीचे कौतुक वाटते ते इथे. चुकणारे पुष्कळ पाहिले, पण ओल्या फरशीवर ओणवे होऊन चूक कबूल करणारे थोडे. ऊन पडताच अर्ध्या तासात मी कोरडी झाले. बायांनी ढीग मोडला आणि धान पुन्हा पसरले. रुची संध्याकाळपर्यंत त्यांच्यामागून चर पाडत चालली. तिचे चर वाकडे पडत होते. सुशिलाबाई मागून ते सरळ करत होती आणि बोलूनही दाखवत होती.

त्यानंतर तीन आठवडे काय होईल याचा नेम नव्हता. टाइल्स मागवून झाल्या होत्या, कारंजे चित्रात येऊन गेले होते, आणि या कामाला पैसा देणाऱ्या वरच्या साहेबांना चित्रातले कारंजे फार आवडले होते. रुचीने त्याच पावसातले दोन फोटो त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. एकात मी, एकात ते तळे. मग म्हणाली की या जागेत जुने आणि चांगले चालणारे असे एकच काम उरले आहे, ते बंद करून आपण नवी वस्ती जिवंत कशी म्हणणार? साहेब कुरकुरले. पुन्हा बैठक झाली, पुन्हा कुरकुरले. शेवटी कारंजे त्या तळ्याच्या जागी हलवण्याचे ठरले, आणि पाणी तिथे आयतेच जमते असे कोणीतरी म्हणाले.

सगळेच वाचले असे मात्र नाही. नव्या रस्त्यासाठी दक्षिणेकडचे आठ खण गेले. त्यांत तो भट्टीजवळचा खणही गेला. दोन दिवस सुलोचनाबाई आणि सुशिलाबाई एकमेकींशी भलत्याच गोड बोलत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना वाचनालयाच्या दुसऱ्या, उन्हात तापणाऱ्या भिंतीजवळचा खण सापडला आणि सगळे पहिल्यासारखे झाले. माझ्या फटी मात्र पुन्हा चुन्यानेच भरल्या. त्यासाठी रुचीने गावोगाव हिंडून चुना मळणारा म्हातारा शोधून आणला. बेलफळे टोलीतल्या बायांनीच दिली.

आता माझे दिवस मजेत चालले आहेत. सकाळी माझ्यावर धान असते. धान उचलले की संध्याकाळी पोरे सायकली शिकतात, म्हातारे नदीच्या पायऱ्यांवर बसतात, वाचनालयातून मुले पुस्तके घेऊन येतात आणि माझ्या उबेवर पालथी पडून वाचतात. नागझिऱ्याच्या जंगलात जाणारे पाहुणे वाटेत थांबून उसना तांदूळ घेतात. अजूनही ते धुराड्याचाच फोटो काढतात. काढू देत बापडे.

एक प्रसंग तेवढा सांगायचा राहिला. फेब्रुवारीत उद्घाटन ठरले. मोठे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी मांडवाचे खांब, लाल गालिचा आणि दोनशे खुर्च्या घेऊन ट्रक आला. माणसे माझ्यावर खांब रोवायला आली तर मी धानाने भरलेली.

"आज नाही," सुलोचनाबाई म्हणाली. "उद्याही नाही. याले अजून एक ऊन लागते."

मांडववाला म्हणाला, "बाई, उद्या साहेब येऊन राहिले. भाषण आहे."

"भाषन परवा केलं तरी खराब होत नाही. धान होते."

मांडववाल्याने हिमांशूकडे पाहिले. हिमांशूने खाली वाकून एक दाणा उचलला, दाताखाली धरला, आणि गंभीरपणे मान हलवली. "माताजी सही बोल रही है. अभी कच्चा है."

रुचीने मांडव नदीच्या पायऱ्यांवर हलवला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. मांडवापर्यंत जायची वाट माझ्या कडेने होती, म्हणून सुलोचनाबाईने त्यांनाही जोडे काढायला लावले. जोडे हातात धरून ते पायऱ्यांवर गेले आणि नव्या वस्तीबद्दल चांगले बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायांनी वाजवल्या नाहीत. त्या पाठमोऱ्या होत्या, धानात चर पाडत चालल्या होत्या, आणि पाहुण्यांचे भाषण संपले तरी त्यांची ओळ संपलेली नव्हती.

मित्रांनो, लोक मला म्हणतात, आता तुझी नीट काळजी घेतली जाते. त्याचा अर्थ काय, ते तुम्हाला सांगते. माझ्याभोवती साखळी लावली, पाटी लावली आणि "हात लावू नये" असे लिहिले, तर मी टिकेन, पण ती काळजी नव्हे. तशी काळजी मेलेल्यांची घेतात. मला रोज झाडा, फटी भरा, आणि माझ्याकडून काम घ्या. तुमच्याही गावात एखादा जुना घाणा असेल, एखादी विहीर, एखादा बाजाराचा ओटा. तो ठेवायचा की पाडायचा, हे तुम्ही मोठे झाल्यावर तुम्हालाच ठरवावे लागेल. नकाशाचा कागद उघडण्याआधी एका सकाळी लवकर उठून तिथे जा, पायातले काढून ठेवा, आणि तिथे कामाला कोण येते त्याला नाव विचारा.